हौद, टाकणखार आणि अर्धी सोललेली गिटार

गिटार माझ्याकडे आली ती सुट्या भागांत. बॉडी जुन्या चादरीत गुंडाळलेली, नेक वेगळा, आणि ब्रिज, पिकअप (तारांचं हलणं पकडणारी चुंबकं), पॉट (आवाज कमी-जास्त करायच्या खुंट्यांमागचे भाग), स्क्रू असं सगळं श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात. इंडोनेशियात बनलेली, फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर, म्हणजे स्ट्रॅट धाटणीची इलेक्ट्रिक, बासवुड या हलक्या लाकडाची भरीव बॉडी, मूळ रंग काळा. मालक इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षातला मुलगा, घर इंदूरच्या रामबागेत. गिटार मुळात त्याच्या काकांची. त्यांचं वाजवणं सुटलं तेव्हा ती पुतण्याकडे आली. त्याला तिच्यावर स्वर्ल हवा होता, आणि उन्हाळ्याच्या सुटीत त्याने घरीच कामाला हात घातला होता. अडकला, तेव्हा माझ्याकडे आला.

स्वर्ल म्हणजे पाण्यावर तेलाचे रंग तरंगवायचे, काडीने त्यांना वळणं द्यायची आणि वस्तू त्या रंगांतून पाण्यात बुडवायची. वर तरंगणारा पातळ थर वस्तूला चिकटून तिच्याबरोबर खाली जातो. ही युक्ती गिटारवाल्यांनी शोधलेली नाही. जुन्या बायंडरांच्या दुकानात मिळणारा अबरीचा कागद याच कुळातला, आणि सतराव्या शतकात विजापूरकडच्या चित्रकारांनी अबरी वापरून चित्रंसुद्धा केली आहेत. फरक इतकाच की कागद पाण्यावर नुसता टेकवला की काम होतं, गिटारला पुढचं अंग, मागचं अंग, कडा आणि नेकच्या दोन्ही बाजूंना पुढे आलेली दोन शिंगं असतात. गिटारच्या दुनियेत हे काम लोकांच्या डोळ्यांत भरलं ते आयबानेझ या जपानी कंपनीच्या यूव्ही७७ मुळे. १९९० साली आलेली युनिव्हर्स मालिकेतली ही सात तारांची बहुरंगी गिटार अमेरिकन गिटारवादक स्टीव्ह व्हाय यांच्यासाठी घडवली होती. बॉडी हाताने बुडवलेल्या, त्यामुळे एकीची नक्षी दुसरीवर सापडत नाही. मुलाच्या फोनमध्ये तिचेच फोटो भरलेले होते.

काम घेण्याआधी काकांचा फोन आला. "अहो, ओरिजनल फिनिश गेलं की गिटारची किंमत जाते म्हणतात. खरं का?" खरं आहे, पण ते १९५०-६०च्या दशकांतल्या अमेरिकन गिटारींबद्दल. कारखान्यातून हजारोंनी निघालेल्या गिटारला पुन्हा विकताना फार काही मिळत नाही, मग ती काळी असो की रंगीत. शिवाय ही तर अर्धी सोलून झाली होती. काकांनी सुस्कारा सोडला आणि परवानगी दिली.

सोलायचं किती

मुलाने आधी हार्डवेअरच्या दुकानातलं पेंट रिमूव्हर लावून पाहिलं होतं. दारं-खिडक्यांवरच्या इनॅमलला त्याने लगेच सुरकुत्या पडतात, पण आजकालच्या बहुतेक स्वस्त गिटारींवर कारखान्यात पॉलिएस्टरचा जाड थर देतात. तो हार्डनरने एकदा घट्ट झाला की रिमूव्हरला दाद देत नाही. मग त्याने हीट गन आणली. तिने हा थर मऊ होऊन पापुद्र्यांनी निघतो खरा, पण गन एका जागी जरा जास्त रेंगाळली की खालचं लाकूड करपतं. पाठीमागे तळहाताएवढं लाकूड उघडं पडलं होतं, त्यावर खरवडणीच्या कोपऱ्याचे ओरखडे आणि एका कडेला तपकिरी डाग.

त्याला उरलेलंही लाकडापर्यंत सोलायचं होतं. मी नको म्हटलं. या छंदातली बरीच मंडळी "आधी लाकूड उघडं करा" असं सांगतात. मला ते पटत नाही. बासवुड इतकं मऊ की नख रुततं. पॉलिएस्टर कठीण, सपाट आणि पाण्याला दाद न देणारा. ज्या वस्तूला थोड्याच दिवसांत हौदात बुडवायचं आहे, तिच्या अंगावरचं असलं कवच आपणच का काढायचं? जुना थर घट्ट बसलेला असेल, कुठे उचलला नसेल, तर त्याच्यासारखा पाया नाही.

म्हणून आम्ही उरलेला काळा थर ३२० नंबरच्या वॉटर पेपरने फक्त निस्तेज केला. करपलेला भाग घासून पांढरा केला, ओरखड्यांत गाडीच्या कामाची दोन भागांची लांबी (पुट्टी) भरली, आणि जुन्या थराची पायरी बोटाला लागेनाशी होईपर्यंत लाकडी ठोकळ्यावर कागद धरून सपाट केली. ठोकळा हवाच. नुसत्या बोटांनी घासलं तर बोटांखाली खळ पडते आणि ती शेवटी चकाकीत दिसते. पावसाळ्यातल्या दमट हवेत पुढचं काम धरलं नाही. दसऱ्यानंतर पांढऱ्या टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून लावायच्या, प्राइमरचं अस्तर दिलं आणि ते आधी ४००, मग ६००ने घासलं. अस्तराचा रंग आधी ठरवावा लागतो, कारण नक्षीत जिथे जिथे फट राहते तिथे हाच रंग डोकावतो.

भोकांचा प्रश्न उरला होता. ब्रिजच्या खुंट्यांची, पट्ट्याच्या बटनांची, पिकगार्डच्या स्क्रूंची, सगळी भोकं म्हणजे लाकडात पाणी शिरायच्या वाटा. मुलगा मला म्हणाला, "काका, मेणबत्ती वितळवून भरतो." सोपं वाटतं, पण मेणाचा जरासा अंश पृष्ठभागावर पसरला की पुढच्या रंगाला तिथे गोल खळगे पडतात. गिटारवर पूर्वी कधी सिलिकॉनचं पॉलिश मारलं असेल तरी हेच होतं. म्हणून मोठ्या भोकांत कानात घालायचे फोमचे बोळे दाबून बसवले, बारीक भोकांत टूथपिक ठोकून कापल्या, खाचांवर टेप. नेकची खाच तर झाकायलाच हवी. तिथे रंगाचा आणि क्लिअरचा, म्हणजे वरून द्यायच्या पारदर्शक लेपाचा, थर साचला की नेक बसत नाही.

उन्हाळ्यातल्या फळ्या

या प्रकरणाचा गाभा मुलाने सोबत आणलेल्या प्लायच्या फळ्यांत होता. मे महिन्यात गच्चीवर, दुपारी, प्लॅस्टिकच्या टबात त्याने केलेले ते प्रयोग. एका फळीवर रंगाचे गोळे, दुसरीवर चुरगळलेला पापुद्रा, तिसरीवर रंग जवळजवळ नाहीच. त्याचा निष्कर्ष ठरलेला होता: इथला रंग कामाचा नाही, हंब्रोलच मागवायला हवा. हंब्रोल म्हणजे खेळण्यातली विमानं आणि रणगाडे रंगवायचं ब्रिटिश इनॅमल. स्वर्लवाले त्याचं फार नाव घेतात. पण त्याची डबी १४ मिलिलिटरची, आणि एका बॉडीला अशा बऱ्याच लागतात. खर्च करण्याआधी दोष नेमका कुठे आहे ते पाहू, असं मी म्हटलं. बादल्या मांडल्या आणि एका वेळी एकच गोष्ट बदलत गेलो.

पहिला घोळ पावडरीत निघाला. रंग पाण्यावर नीट पसरावा म्हणून पाण्यात बोरॅक्स घालतात. याने घातली होती कॅरमची पावडर. नाव ऐकून त्याला दोन्ही एकच वाटलं. कॅरमवर टाकतात ते बहुधा बोरिक अॅसिड, म्हणजे आम्ल. बोरॅक्स अल्कधर्मी, त्याच्या द्रावणाचा पीएच ९च्या वर जातो. त्याची आजी बाजूलाच तांदूळ निवडत बसली होती. ती म्हणाली, "अरे, टाकणखार म्हण की! सराफ्यात मिळेल. तोंड आलं की लाही करून मधातून लावायचो आम्ही." बरोबर होतं तिचं. सोनार डाग देताना हाच वापरतात, इथे दुकानात सुहागा म्हणून मागायचा. थंड पाण्यात तो हळू विरघळतो, म्हणून आधी थोड्या गरम पाण्यात विरघळवून मग बादलीत ओतला. दहा लिटरला एक सपाट मोठा चमचा एवढ्यावर रंगाची जाड बेटं पसरून रुंद कडी झाली. त्याहून जास्त घालून फरक पडला नाही.

पाणीही बदलून पाहिलं. बोअरिंगचं पाणी जड. टाकणखार पडताच पांढुरकं झालं आणि सुकल्यावर फळीवर ठिपके ठेवून गेलं. नळाला येणारं नर्मदेचं पाणी बरं ठरलं. रंगाचं म्हणाल तर डब्यातलं सिंथेटिक इनॅमल जसंच्या तसं टाकलं की थेंब सरळ तळाला. मिनरल टर्पेंटाइन घालून, काडीवरून अखंड धार पडेल इतकं पातळ केलं आणि पाण्याला जवळजवळ टेकवून सोडलं की तरंगलं. चंदेरी रंग मात्र काही केल्या बुडायचाच, तो यादीतून काढला.

एवढं करूनही पापुद्रा चुरगळायचा. मग थर्मामीटर बुडवला. मे महिन्यात इंदूरच्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी ३५ अंशांच्या वर असतं. त्यावर पडलेल्या रंगावर, दुधावर साय धरावी तशी, काही सेकंदांत कातडी धरते. मग काडी फिरवली की रेघ उमटत नाही, साय गोळा होते. फळी बुडवली की ती घडी पडून चिकटते. तोच रंग, तेच पाणी, फक्त बर्फाच्या बाटल्या सोडून २० अंशांवर आणलं, तर रंग मिनिटभराहून अधिक ओला राहिला. उलट बाजूही पाहिली: पाणी १२-१३ अंशांवर गेलं की रंग आखडतो, पसरत नाही, कडा तुटक येतात.

हंब्रोलचा विषय तिथेच संपला. जगभरचे लोक हे काम करताना रंगाच्या ब्रँडवर आणि बोरॅक्सच्या चमच्यांवर वाद घालतात, कारण त्यांचं पाणी मुळातच थंड असतं आणि तापमान हा त्यांचा प्रश्न नसतो. आपला पहिला प्रश्न तोच आहे. मोठ्या हौदात बर्फ टाकून भागत नाही. पाणी एका कोपऱ्यात थंड, दुसऱ्यात कोमट राहतं आणि रंग दोन ठिकाणी दोन चालीने सुकतो. म्हणून मी सांगितलं, फेब्रुवारीपर्यंत थांब. मालव्यात तेव्हा रात्री अजून गार असतात, आणि पुढे लगेच मार्च-एप्रिलचं कोरडं ऊन येतं. बुडवायला गारवा आणि सुकायला कोरडी गरम हवा, हे इतक्या पाठोपाठ फार कमी गावांना मिळतं. मुलगा कुरकुरला, पण थांबला.

हौदात

भांडं कुठलं घ्यायचं यावरही विचार झाला. त्याच्या डोक्यात निळा २०० लिटरचा ड्रम होता. ड्रमचं तोंड साधारण ५८ सेंटिमीटर, म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग पाव चौरस मीटरच्या किंचित वर. अशा बॉडीची दोन अंगं आणि कडा मिळूनही साधारण तेवढंच भरतं. म्हणजे रंगाचा थर काठापर्यंत पुरा वापरला तरच जेमतेम पुरणार, आणि शेवटच्या शिंगापाशी तो ताणून विरळ होणार. त्यांच्या जुन्या घराच्या मागे न वापरातला हौद होता. आजीच्या संमतीने तो घासून काढला, आत जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरला आणि पाण्यावर पीव्हीसी पाइपची तरंगती चौकट सोडली, बॉडीच्या सगळ्या अंगांच्या बेरजेच्या दीडपट. चौकट नसती तर रंग पूर्ण हौदभर पसरून पातळ झाला असता. टाकणखार पाऊण किलोच्या आसपास लागला. पाणी आदल्या संध्याकाळीच भरून ठेवलं, बुडबुडे निघून जावेत आणि सगळीकडे एकच तापमान यावं म्हणून.

एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही: बासवुड तरंगतं. अशा बॉडीचं आकारमान साडेतीन-चार लिटर, वजन दोन किलोच्या आत, वर खाचा टेपने बंद. म्हणजे ती पूर्ण पाण्याखाली धरायला जवळजवळ तिच्या वजनाएवढाच जोर खाली लावावा लागतो, तोही हात न थरथरता. नेकच्या खाचेत लाकडी पट्टी चारही स्क्रूंनी पक्की केली आणि आधी साध्या पाण्यात तालीम घेतली. मुलगा पहिल्याच दाबाला म्हणाला, "हे तर वर ढकलतंय!" तालीम त्यासाठीच होती.

रंगांवर शेवटचा वाद झाला. त्याला फोटोतल्यासारखे सगळे रंग हवे होते. मी तीनवर आणलं: निळा, पिवळा, काळा, आणि फटींतून दिसणारं पांढरं. रंग वाढले की टाकायला वेळ लागतो, आणि पहिला रंग तोवर सुकायला लागलेला असतो. शिवाय काडी दोन फेरे जास्त फिरली की निळा-पिवळा मिळून शेवाळी चिखल होतो.

सकाळी ९च्या सुमाराला पाणी १९ अंशांवर होतं, वारा नव्हता. रंग टाकले, काडी मोजकीच फिरवली आणि थांबलो. बॉडी बटनाच्या टोकाकडून, पुढचं अंग पाण्याकडे कलतं ठेवून, एका संथ गतीने खाली. मध्ये थबकलं तर त्या जागी आडवी रेघ राहते; घाई केली तर शिंगाच्या बगलेत हवा अडकते. नवा अखंड थर मिळतो तो पुढच्या अंगाला, मागच्या अंगाला मिटत येणारा, ताणलेला थर मिळतो. म्हणून कुठलं अंग खाली धरायचं हे आधी ठरवायचं.

बॉडी पाण्याखाली गेली की काम अर्धंच झालेलं असतं. वर उरलेला रंग तसाच असताना बाहेर काढली तर त्याचा दुसरा थर नक्षीवर बसतो. मुलाच्या ताईने वर्तमानपत्राच्या पट्ट्या पाण्यावर टेकवून उरलेला रंग उचलून घेतला, पाणी स्वच्छ दिसेपर्यंत, आणि मग मुलाने बॉडी वर काढली. पुसायचं नाही. साध्या पाण्याची हलकी धार सोडून टाकणखार धुवायचा, नाहीतर सुकल्यावर त्याचे पांढरे कण क्लिअरखाली कायमचे राहतात. राहिलेले थेंब फुंकून काढले.

पुढचं अंग उत्तम आलं. मागे नक्षी लांबट आणि फिकी आली, आणि खालच्या शिंगाच्या बगलेत वाटाण्याएवढी पांढरी जागा राहिली, हवेच्या बुडबुड्याची. मुलाला पुन्हा बुडवायचं होतं. मी अडवलं: दुसऱ्या डुबकीत चांगलं आलेलं पुढचं अंगही झाकलं गेलं असतं. बगलेतली जागा त्याच रंगाच्या दोन ठिपक्यांनी बारीक ब्रशने भरली. आता शोधून सापडत नाही.

हौदाच्या पाण्याचं काय करायचं? आजीला ते मोगऱ्याला घालायचं होतं. नको म्हटलं; बोरॉन झाडांना अगदी थोडंच लागतं, जास्त झालं की पानांच्या कडा जळतात. वरचा सगळा रंग कागदाने टिपून घेतल्यावर पाणी मोरीत थोडं थोडं सोडलं. रंगाचे कागद सुकवून कचरागाडीच्या घातक कचऱ्याच्या कप्प्यात. २०१७पासून सलग अनेक वर्षं स्वच्छतेत पहिला नंबर मिळवलेल्या गावात रंगाचं पाणी गटारात लोटायचं धाडस कुणाचं होणार, शेजारच्या काकू गच्चीतून पाहत होत्याच.

क्लिअर

इनॅमल हाताला सुकलेलं लागतं एका दिवसात, पण आतून घट्ट व्हायला तीन-चार आठवडे लागतात. बॉडी आतल्या खोलीत टांगून ठेवली. त्यातच रंगपंचमी आली. राजवाड्यापुढे गेर, म्हणजे रंग उधळत जाणारी मिरवणूक, निघते त्या दिवशी गावभर गुलाल हवेत असतो, म्हणून खोलीच्या खिडक्यांच्या फटींना टेप लावला होता. सगळं इंदूर रंगत असताना एका गिटारला रंगापासून वाचवायची धडपड, हे ताईला फार विनोदी वाटलं.

वरचा थर कशाचा द्यायचा, इथे पुष्कळ कामं बिघडतात. फर्निचरवाला पॉलिशवाला हातात येईल ते एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर मारायला तयार असतो. त्यातलं थिनर इनॅमलला उचलतं आणि नक्षीला क्षणात सुरकुत्या पडतात. टू-के पॉलियुरेथेन टिकाऊ, पण त्याचाही पहिलाच हात ओला दिला तर तोच धोका. आधी दोन-तीन अगदी कोरडे, धुक्यासारखे हात, मध्ये वेळ देऊन, आणि मगच ओले. आणि हे काम घरात करायचं नाही. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. फवारलेले श्वासातून गेले तर दमा जडू शकतो, आणि कापडी मास्क त्याला काहीच अडवत नाही. गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करणाऱ्या ओळखीच्या कारागिराकडे रंग फवारायचा बूथ आहे. बॉडी त्याच्याकडे नेली. कोरडे हात आधी, यावर तो हसला, "गिटार है या दुल्हन?" पण सांगितलं तसंच केलं.

नक्षीला कागद लावायचा नाही; थर इतका पातळ असतो की दोन घासांत अस्तर दिसतं. एकावर एक आलेल्या रंगांच्या कडांचे उंचवटे क्लिअरमध्येच बुडवायचे. म्हणून क्लिअर जरा जाड, मग १०००, १५००, २०००चा वॉटर पेपर, आणि रबिंग कंपाउंड. कडांवर हात हलका. घासताना भोकांतले बोळे काढायचे नाहीत, नाहीतर पाणी आत जाऊन लाकूड फुगतं आणि भोकाभोवती क्लिअरला तडा जातो. बोळे काढल्यावर प्रत्येक भोकाच्या तोंडाचा क्लिअर काउंटरसिंकने (भोकाचं तोंड रुंद करायच्या शंकूसारख्या पात्याने) हाताने फिरवून उतरवला, तेव्हाच स्क्रू फिरवले.

जुळणीत नेक पहिल्यांदा अडकला. टेप असूनही खाचेच्या वरच्या ओठावर क्लिअरची कड आली होती. ती खरवडल्यावर बसला. दोन पॉट बदलले, तारा नव्या घातल्या, इंटोनेशन लावलं, म्हणजे नेकवर सगळीकडे सूर नेमके लागतील असं जुळवलं.

काका दिवाळीला आले तेव्हा त्यांनीच वाजवून पाहिली. म्हणाले, आवाज मोकळा झालाय. मला तो नव्या तारांचा आणि नीट केलेल्या सेटअपचा परिणाम वाटतो. भरीव बॉडीत पिकअप तारांचं हलणं पकडतात, रंगाचा त्यात फारसा हात नसतो. त्यांना तसं सांगितलं, पटलं नाही. मुलाला दोनच सूचना दिल्या: सिलिकॉनचं पॉलिश कधी लावायचं नाही, पुढे कुठे दुरुस्ती करावी लागली तर रंग बसणार नाही; आणि ब्रिजच्या डाव्या खुंटीपाशी केसाएवढी रेघ दिसते आहे, ती वाढते का ते तारा बदलताना दर वेळी पाहायचं. वाढली तर पातळ सुपरग्लूचा एक थेंब, आणि लगेच माझ्याकडे.